कोणते क्रोमियम?

तपासणी अहवालात ‘क्रोमियम’ या नावासमोर एकच आकडा छापलेला असेल, तर तो अहवाल अपुरा समजावा. हे मूलद्रव्य पाण्यात, मातीत आणि कारखान्याच्या हवेत मुख्यतः दोन रूपांत असते. त्रिसंयुजी आणि षट्संयुजी ही त्यांची पाठ्यपुस्तकी नावे. या पुस्तकात सोयीसाठी क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६ असे लिहिले आहे. प्लेटिंगच्या शॉपमध्ये आणि एमआयडीसीतल्या प्रयोगशाळांत मात्र सगळे ‘ट्राय’ आणि ‘हेक्सा’ असेच म्हणतात. क्रोमियम-३ बहुधा न विरघळणाऱ्या हायड्रॉक्साइडच्या रूपात मातीला, गाळाला धरून राहते आणि पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत जात नाही. क्रोमियम-६ पाण्यात विरघळते, भूजलाबरोबर दूरवर जाते, आणि क्रोमेट आयनाची ठेवण सल्फेटसारखी असल्याने सल्फेटच्या वाटेने थेट पेशीत शिरते. आत गेल्यावर त्याचे क्षपण होत होत क्रोमियम-३ बनते, आणि त्या घडामोडीत डीएनएला इजा होते.

हे नवे ज्ञान नाही. ग्लासगो येथे क्रोम रंगद्रव्याचे काम करणाऱ्या कामगाराच्या नाकातील कर्करोगाची नोंद १८९० सालची आहे. अमेरिकेतील क्रोमेट कारखान्यांच्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले असल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये क्रोमियम-६ च्या संयुगांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले. कायदाही हा भेद मानतो. आपल्याकडे नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालते, क्रोमियम-६ मात्र ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मर्यादेत वीसपट फरक असताना रूप न सांगता केवळ प्रमाण सांगणाऱ्या अहवालावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

शिसे किंवा कॅडमियम मोजताना एक निश्चिंती असते. थोडे बाटलीच्या काचेला धरून राहील, आकडा कमी येईल, पण बाटलीतले शिसे शिसेच राहील. क्रोमियमच्या बाबतीत बाटली भरल्यापासून पडद्यावर आकडा उमटेपर्यंत प्रत्येक पायरीवर रूप पालटू शकते, आणि तेही दोन्ही दिशांनी. नमुन्यातले क्रोमियम-६ क्षपण होऊन नाहीसे होईल, किंवा जिथे ते नव्हतेच तिथे क्रोमियम-३ पासून नव्याने तयार होईल. पहिल्या चुकीमुळे दूषित विहीर स्वच्छ ठरते, दुसरीमुळे स्वच्छ जमीन दूषित ठरते. नमुना उपकरणात जाण्यापूर्वीच त्याच्या आकड्याचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच या पुस्तकाची बरीच पाने उपकरणाआधीच्या कामावर खर्च केली आहेत.

सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त घडणारी गोष्ट आम्लाची आहे. धातूंसाठी पाणी गोळा करायचे म्हटले की नमुने आणणाऱ्या माणसाचा हात आपोआप नायट्रिक आम्लाकडे जातो. पीएच २ च्या खाली आणला की धातू विरघळलेले राहतात, हे त्याला शिकवलेले असते आणि एकूण धातूंपुरते ते बरोबरही आहे. पण आम्लात क्रोमियम-६ हे फार जोमदार ऑक्सिडीकारक होते. पाण्यात थोडासा सेंद्रिय पदार्थ असेल, फेरस लोह असेल, सल्फाइड असेल, तर त्यांच्याशी झटापट करून ते क्रोमियम-३ होऊन बसते. अशा बाटलीत प्रयोगशाळेला क्रोमियम-६ सापडले नाही, तर प्रयोगशाळा खोटे बोलत नसते. बाटलीत ते खरोखरच उरलेले नसते, विहिरीत मात्र असते. त्यामुळे क्रोमियम-६ साठी वेगळी बाटली हवी, तिच्यात आम्ल नको, ती बर्फाच्या पेटीत हवी आणि शक्यतो २४ तासांत तपासून व्हायला हवी. तेवढ्या वेळात जमणार नसेल तर नमुना जागेवरच गाळून अमोनियम सल्फेटच्या बफरने पीएच ९.३ ते ९.७ च्या दरम्यान आणावा. मग २८ दिवसांची मुदत मिळते. ज्या तालुक्याच्या गावातून प्रयोगशाळेपर्यंत एसटीच्या पार्सलने नमुने पोहोचतात, तिथे या बफरच्या छोट्या बाटलीचे मोल महागड्या यंत्रापेक्षा जास्त आहे.

पुढची पायरी डायफिनाइलकार्बाझाइडची. शंभर वर्षांहून जुनी ही रंगपरीक्षा आजही बहुतेक प्रयोगशाळांचा आधार आहे, आणि तिला कमी लेखू नये असे मला वाटते. गंधकाम्लाने नमुन्याचा पीएच २ च्या आसपास आणायचा, अ‍ॅसिटोनमधले कार्बाझाइडचे द्रावण घालायचे, पाच-दहा मिनिटे थांबायचे. क्रोमियम-६ असेल तर जांभळट लाल रंग उमलतो आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा. क्रोमियम-३ कितीही असले तरी हा रंग येत नाही, हे या परीक्षेचे सामर्थ्य. आता जवळून पाहू. लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सांडपाण्याच्या मर्यादेइतके क्रोमियम-६ असेल, तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये अ‍ॅब्जॉर्बन्स ०.०८ च्या जवळपास येतो. इतक्या लहान आकड्यात ०.०१ ची गडबड म्हणजे आठव्या हिश्श्याची चूक. आणि ०.०१ ची गडबड व्हायला काही लागत नाही: किंचित गढूळपणा, क्युव्हेटवरचा बोटाचा ठसा, जुने होऊन पिवळे पडलेले कार्बाझाइड, सांडपाण्याचा स्वतःचा रंग. म्हणून प्रत्येक नमुन्याचा त्याचाच ब्लँक लागतो, ज्यात बाकी सगळे घातलेले असते, फक्त कार्बाझाइड नसते. लोह लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिवळी झाक येते. व्हॅनेडियम क्रोमियमच्या दसपट असेल तर तोही लुडबुड करतो. शिवाय कार्बाझाइड घालण्याआधी नमुना आम्लात किती वेळ उभा होता हेही लिहून ठेवावे. क्षपण करणारे पदार्थ असतील तर ती दोन-चार मिनिटेही महाग पडतात.

पाण्याचे काम तरी सोपे. मातीने मात्र या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना पेचात टाकले. त्याची कथा न्यू जर्सीतली आहे आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

हडसन परगण्यात, मुख्यतः जर्सी सिटीच्या परिसरात, १९०५ ते १९७६ या काळात क्रोमाइट खनिजापासून क्रोमेट बनवण्याचे कारखाने चालत होते. खनिज, सोडा आणि चुना एकत्र करून भट्टीत भाजले की खनिजातले क्रोमियम-३ क्रोमियम-६ होते; ते पाण्याने धुऊन काढायचे आणि उरलेला चोथा टाकून द्यायचा. या चोथ्यात न निघालेले क्रोमियम-६ पुष्कळ राहते. वीस लाख टनांहून अधिक चोथा तिथे भराव म्हणून वापरला गेला, पाणथळ जागांत, रस्त्यांखाली, इमारतींच्या पायाशी. पुढे तळघरांच्या भिंतींवर पिवळसर हिरवे स्फटिक दिसू लागले. कोणत्या जागेत किती क्रोमियम-६ आहे हे ठरवणे आता कोर्टकचेरीचा आणि माणसांच्या आरोग्याचा विषय झाला, आणि मातीतून ते खात्रीने बाहेर काढण्याची पद्धतच हाताशी नव्हती.

म्हणजे एक पद्धत होती. अल्कधर्मी द्रावणात माती तापवून क्रोमियम-६ काढण्याची ती रीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आधी स्वीकारली होती आणि १९८० च्या दशकात आपल्या पद्धतिसंग्रहातून काढून टाकली होती. कारण असे की स्पाइक परत मिळत नव्हता. मातीत ठाऊक असलेल्या मापाचे क्रोमियम-६ मुद्दाम घालायचे आणि शेवटी किती हाती लागते ते पाहायचे, ही पद्धतीची परीक्षा. घातलेले गायब होत असेल तर पद्धत सदोष, असा निष्कर्ष निघाला. १९९० च्या दशकात न्यू जर्सीच्या मातीवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष उलटा तपासला. त्यांनी मातीचा पीएच, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव, फेरस लोह, सल्फाइड आणि सेंद्रिय कार्बन मोजले, आणि दिसले ते असे की जिथे स्पाइक नाहीसा होतो ती माती मुळातच क्षपण करणारी असते. अशा मातीत क्रोमियम-६ टिकूच शकत नाही. आपण घातलेलेही टिकले नाही. पद्धतीचा दोष म्हणून जे फेकून दिले गेले होते, ते मातीने दिलेले खरे उत्तर होते.

त्यातून १९९७ मध्ये सुधारलेली पद्धत ३०६०-ए आली. अडीच ग्रॅम ओली माती, ५० मिलिलिटर सोडियम कार्बोनेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, ९० ते ९५ अंश सेल्सियसला किमान एक तास सतत ढवळणे. क्रोमियम-३ चे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड आणि फॉस्फेट बफर. पूर्ण झाल्यावर नायट्रिक आम्लाने पीएच ७.५ वर आणायचा, आणि इथे हात हळू चालवायचा. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उसळतात, आम्ल जरा जास्त पडले आणि पीएच ठरलेल्या मर्यादेखाली घसरला की ते द्रावण टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. स्पाइकही दोन प्रकारचे घालायचे: पोटॅशियम डायक्रोमेट विरघळणारे, लेड क्रोमेट न विरघळणारे. पहिला सांगतो की द्रावणात आलेले क्रोमियम-६ टिकते का, दुसरा सांगतो की कणांत अडकलेले बाहेर येते का. या पद्धतीतले माझे सर्वांत आवडते कलम मात्र वेगळेच आहे. स्पाइक न मिळाल्यास आकडा बाद करण्याआधी मातीचे क्षपणगुण तपासा, असे ते सांगते. गुणवत्तेची एवढी विचारी व्याख्या फार थोड्या पद्धतींत सापडते.

उलट दिशेची चूक अधिक फसवी. निसर्गात क्रोमियम-३ चे क्रोमियम-६ करणारा मुख्य पदार्थ मँगनीज ऑक्साइड, आणि मातीत तो असतोच. रिचमंड बार्टलेट आणि ब्रूस जेम्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की ओलसर, ताज्या मातीत हे ऑक्सिडीकरण घडते. त्याआधी ते कुणाला दिसले नव्हते, कारण मातीचे नमुने वाळवून, चाळून, बरणीत भरून मग तपासण्याची रूढी होती आणि वाळवल्यावर मातीचा हा गुण मावळतो. मातीपरीक्षण केंद्रांत नमुना सावलीत वाळवणे हा पहिला धडा असतो; नत्र-स्फुरद-पालाशसाठी तो योग्य, क्रोमियम-६ साठी चुकीचा.

एकाच नमुन्यात दोन्ही बदल एकाच वेळी होत असतील तर? स्पाइकची बेरीज-वजाबाकी इथे थकते. डुकेन विद्यापीठातील एच. एम. किंग्स्टन यांनी यावर जो उपाय काढला, तो मला या विषयातला सर्वांत देखणा विचार वाटतो. क्रोमियमचे चार स्थिर समस्थानिक आहेत, ५०, ५२, ५३ आणि ५४; निसर्गात जवळजवळ ८४ टक्के ५२ असते. सुरुवातीलाच नमुन्यात ५०-समृद्ध क्रोमियम-३ आणि ५३-समृद्ध क्रोमियम-६ घालायचे. प्रक्रिया पूर्ण झाल्यावर क्रोमॅटोग्राफीने दोन रूपे वेगळी करून मास स्पेक्ट्रोमीटरने प्रत्येकातले समस्थानिक मोजायचे. ५३ जर क्रोमियम-३ च्या बाजूला सापडले तर तेवढे क्षपण झाले. ५० जर क्रोमियम-६ च्या बाजूला सापडले तर तेवढे ऑक्सिडीकरण झाले. वाटेत काय बिघडले ते नमुना स्वतःच सांगतो, आणि गणिताने मूळ स्थितीपर्यंत मागे जाता येते. ही पद्धत ६८०० या क्रमांकाने प्रमाणित झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने न्यू जर्सीच्या त्याच दूषित मातीपासून प्रमाण नमुना २७०१ तयार केला. त्यात किलोला सुमारे ५५० मिलिग्रॅम क्रोमियम-६ आहे आणि एकूण क्रोमियम त्याच्या कितीतरी पट. जे भराव म्हणून गाडले होते, त्याच्यावर आज जगभरच्या प्रयोगशाळा आपला हात तपासून घेतात.

हे सगळे परदेशातले प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येणार नाहीत. तमिळनाडूतील राणीपेठ येथे १९९० च्या दशकात बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात दीड लाख टनांहून अधिक चोथा पडून राहिला. कानपूर देहातमधील रनिया आणि खानचंदपूर येथे १९७० च्या दशकापासून साठलेल्या क्रोमियम कचऱ्याने हातपंपांचे पाणी पिवळे केले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात देशातले बहुतांश क्रोमाइट आहे, आणि खाणींचे पाणी दमसाला नाल्यातून ब्राह्मणी नदीकडे जाते. तीन ठिकाणे, तीन वेगळे नमुने: चुनखडीसारखा अल्कधर्मी चोथा, पिवळे भूजल, खाणीचा गाळ. तिन्हींना एकच कृती लावून चालत नाही.

हवेचे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे, कारण महाराष्ट्राचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध तिथे येतो. भोसरी, पिंपरी-चिंचवड, नाशिकचे अंबड, या भागांत वाहनांच्या सुट्या भागांना हार्ड क्रोम करणारी लहान लहान युनिट आहेत. टाकीत लिटरला २५० ग्रॅमच्या आसपास क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके गंधकाम्ल असते. द्रावण ५० ते ६० अंशांवर गरम. क्रोम प्लेटिंगमध्ये विजेचा मोठा भाग धातू बसवण्यात नव्हे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निर्माण करण्यात जातो. त्या वायूंचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक फुटताना क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार उडवतो. टाकीवर वाकून जॉब उतरवणाऱ्या माणसाच्या नाकातोंडाशी जे पोहोचते ते हे तुषार. जुन्या प्लेटरच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेले असते, हे त्या धंद्यातल्या लोकांना कुणी सांगावे लागत नाही.

हे तुषार मोजायचे तर कामगाराच्या कॉलरपाशी ३७ मिलिमीटरची कॅसेट लावायची, आत पीव्हीसीचा फिल्टर, आणि कमरेच्या पंपाने मिनिटाला २ लिटर हवा ओढायची. आठ तासांच्या पाळीत ९६० लिटर, म्हणजे एक घनमीटरही भरत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २००६ मध्ये घालून दिलेली मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेवर फिल्टरवर जमा होणारे क्रोमियम-६ पाच मायक्रोग्रॅमही नसते. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत क्रोमिक आम्ल आणि क्रोमेटसाठी ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा होती, म्हणजे दसपट सैल. मर्यादा काहीही असो, इतक्या थोड्या पदार्थाला फिल्टरवर सांभाळणे कठीण असते. सेल्युलोजचा फिल्टर वापरला तर फिल्टरच क्रोमियम-६ चे क्षपण करतो. पीव्हीसी वापरला तरी तुषारातले आम्ल आणि धूळ आपले काम चालू ठेवतात, म्हणून ओशाची पद्धत प्लेटिंगच्या नमुन्यांना सहा दिवसांची आणि स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या नमुन्यांना आठ दिवसांची मुदत देते. वेल्डिंगच्या धुरात लोहही असते, आणि रॉडच्या वेल्डिंगच्या धुरातले क्रोमियम-६ सहज विरघळते तर मिग वेल्डिंगच्या धुरातले बरेचसे विरघळत नाही. केवळ पाण्याने फिल्टर धुणाऱ्याला दुसऱ्या जागी धोका कमी असल्याचे चुकीचे उत्तर मिळेल.

सिमेंट आणि चामडे यांचे विवेचन शेवटच्या भागात थोडक्यात आहे. गवंड्यांच्या हाताला होणाऱ्या इसबामागे ओल्या सिमेंटमधले क्रोमियम-६ असते, म्हणून युरोपने २००५ पासून त्याला दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली. चामड्यावर किलोला ३ मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ पासून लागू आहे. क्रोम-टॅनिंगमध्ये वापरतात ते क्रोमियम-३. पण चामड्यातले तेल, उष्णता आणि ऊन यांच्यामुळे साठवणीत त्यातले काही क्रोमियम-६ होते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या अस्सल कोल्हापुरी चपलेला हा प्रश्न पडत नाही, आणि निर्यातदारांनी ही गोष्ट तपासणी अहवालासह ठासून सांगायला हवी.

आयसीपी-मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळांनाही दोन शब्द. हे यंत्र रूप ओळखत नाही. पुढे क्रोमॅटोग्राफी जोडली तरच ते ओळखता येते. शिवाय आर्गॉन आणि कार्बन मिळून ५२ च्या वस्तुमानावर आणि क्लोरीन-ऑक्सिजन ५३ वर येऊन बसतात, म्हणून सेंद्रिय पदार्थ किंवा मीठ जास्त असलेल्या नमुन्यात हेलियमच्या सेलशिवाय आकड्यावर विसंबू नये. सुस्थितीतला स्पेक्ट्रोफोटोमीटर, ताजे कार्बाझाइड आणि नमुन्याची चोख नोंद असलेल्या लहान प्रयोगशाळेचा आकडा मी बेफिकीरपणे चालवलेल्या यंत्राच्या आकड्याहून केव्हाही अधिक मानेन.

रक्त आणि लघवीचे नमुने या पुस्तकात घेतलेले नाहीत. शरीरात गेलेल्या क्रोमियम-६ चे लवकरच क्षपण होते, त्यामुळे लघवीत जे मोजले जाते ते एकूण क्रोमियम. तांबड्या पेशींतले क्रोमियम अधिक सांगते, पण त्यासाठी लागणारी स्वच्छता आणि वैद्यकीय देखरेख हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. नमुना गोळा करणाऱ्यांनी पहिले दोन भाग वाचले तरी पुरेत. प्रयोगशाळेत बसणाऱ्यांनी मात्र तिसऱ्यापासून सुरुवात करू नये, आधीचे भागही वाचावेत. पुस्तकाच्या शेवटी नमुन्यासोबत पाठवायचा एक पानी तक्ता दिला आहे: जागा, वेळ, जागेवरचा पीएच आणि तापमान, गाळले की नाही, काय घातले, कोणत्या हाती दिले. त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात.